सावलीतल्या झाडांना फुलं आणताना

घराच्या मागच्या बाजूला, जिन्याखाली, आंब्याच्या बुंध्याशी किंवा ऊन न येणाऱ्या बाल्कनीत लावलेली झाडं सहसा मरत नाहीत. पानं तजेलदार राहतात, नवे धुमारेही फुटतात. फूल मात्र येत नाही. रोपवाटिकेतून आणताना पीस लिलीवर चांगली पाच-सहा फुलं होती, ती सुकली आणि त्यानंतर नुसती पानंच, ही तक्रार तर घरोघरी ऐकू येते.

याचं मूळ समजलं की पुढचे उपाय सोपे होतात. पान प्रकाशात अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं अन्न झाडाला नुसतं जगायलाच लागतं. घरखर्च भागवून जे उरतं त्यातून सणाची खरेदी होते, तसं फूल झाडाच्या शिलकीतून येतं. सावली सोसणारं झाड कमी प्रकाशातही आपला खर्च भागवतं, म्हणून ते जगतं. शिल्लक पडायला मात्र त्यालाही थोडा जास्त प्रकाश हवा असतो.

या लेखात आपण बहुवर्षायू, म्हणजे एकदा लावली की वर्षानुवर्षं टिकणाऱ्या झाडांबद्दल बोलू. पीस लिली, अँथुरियम, अबोली, सोनटक्का, भुईचाफा आणि फुटबॉल लिली ही आपल्याकडे सहज मिळणारी मंडळी उदाहरणाला पुरेशी आहेत.

सुरुवात झाडापासून करू नये, जागेपासून करावी. एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी चार वाजता त्या जागेवर जाऊन एक सोपी चाचणी घ्या. जमिनीवर पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर साधारण एक फूट उंचीवर हात आडवा धरा. सावलीत बोटं स्पष्ट, वेगवेगळी दिसली तर तिथे उजेड भरपूर आहे. हाताचा आकार कळतो पण कडा पुसट आहेत, तर ती मध्यम सावली. कागदावर काहीच उमटत नसेल तर ती गडद सावली. गडद सावलीत फुलांची आशा धरू नये. तिथे नेचे लावावेत, ते फार देखणे दिसतात. फुलांसाठी दिवसातला बराच वेळ निदान मध्यम सावली तरी हवी.

इथे एक चूक हमखास होते. थंड देशांतल्या बागकामाच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की घराची उत्तर बाजू वर्षभर सावलीत असते. आपल्याकडे तसं नाही. मुंबई-पुण्याला मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. शिवाय मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत तो उगवतो आणि मावळतो तोही थोडा उत्तरेकडेच. म्हणजे उत्तरेच्या भिंतीशी लावलेल्या अँथुरियमला डिसेंबरात उन्हाची तिरीपही मिळत नाही आणि एप्रिल-मेमध्ये सकाळ-संध्याकाळचं ऊन थेट अंगावर येतं. नागपूरकडे दुपारचा सूर्य उत्तरेला जायचा काळ थोडा उशिरा सुरू होतो आणि लवकर संपतो, इतकाच फरक.

सावलीची लांबीही ऋतूप्रमाणे बदलते. दहा फूट उंच भिंतीची सावली डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी उत्तरेकडे सुमारे ९ फूट पसरते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तीच जेमतेम साडेतीन फूट उरते. हिवाळ्यात सावली पाहून वाफा आखला आणि उन्हाळ्यात झाडं करपली, असं होतं ते यामुळेच. म्हणून चाचणी वर्षातून दोनदा तरी घ्यावी, एकदा डिसेंबरात आणि एकदा एप्रिलमध्ये.

भिंतीची सावली आणि झाडाची सावली यांतही फरक आहे. भिंतीच्या सावलीत थेट ऊन नसलं तरी वरचं मोकळं आकाश दिसत असतं आणि त्याचा उजेड चांगल्या प्रतीचा असतो. झाडाखाली पोचणारा उजेड मात्र पानांतून गाळून आलेला असतो. अन्न बनवायला लागणारे तांबडे आणि निळे किरण वरच्या पानांनी आधीच टिपून घेतलेले असतात. अशा उजेडात खालचं रोप फुलायच्या भानगडीत न पडता उंच वाढून प्रकाश गाठायचा प्रयत्न करतं. देठ लांबतात, झाड एका बाजूला झुकतं. त्यात मोठ्या झाडाची वरवरची मुळं खालच्या वाफ्यातलं पाणी आणि खत आधी उचलतात, हा दुसरा मार. आंब्याखालची सावली आणि इमारतीच्या मागची सावली डोळ्यांना सारखीच वाटली, तरी मला विचाराल तर मी फुलझाडांसाठी दुसरीच निवडेन.

जागा बदलता येत नसेल तर प्रकाश वाढवता येतो. मोठ्या झाडाच्या अगदी खालच्या एक-दोन फांद्या पावसाळ्यानंतर काढल्या तर सकाळचं तिरपं ऊन आत येतं, आणि सावलीतल्या झाडांना तेच सर्वात मानवतं. समोरच्या भिंतीला पांढरा चुना दिला तर अंधाऱ्या कोपऱ्यातही उजेड परतून येतो. झाडाखाली वाफा करायचाच असेल तर बुंध्याभोवती माती चढवू नका, बुंध्याची साल कुजते. त्याऐवजी कुंड्याच अर्ध्या जमिनीत पुरून ठेवाव्यात; मुळांची झटापट होत नाही आणि हव्या तेव्हा त्या हलवताही येतात.

गच्चीवर प्रश्न उलटा असतो, तिथे सावली तयार करावी लागते. शेडनेट घेताना दुकानदार ५० टक्के, ७५ टक्के असे आकडे सांगतो. हा आकडा किती प्रकाश अडवला जातो त्याचा आहे, किती आत येतो त्याचा नव्हे. अँथुरियमला ७५ टक्क्यांची जाळी योग्य, अबोलीला ५० टक्क्यांचीही चालते. ९० टक्क्यांची हिरवी जाळी लावून वर्षभर फुलांची वाट पाहणारे अनेक जण असतात. ती जाळी बदलणं हाच त्यावरचा उपाय.

प्रकाश वाढवताना घाई करू नका. गडद सावलीत वाढलेली पानं पातळ असतात, ती एका दुपारच्या उन्हात भाजून पांढुरकी पडतात. कुंडी दर चार-पाच दिवसांनी हात-दीड हात उजेडाकडे सरकवत न्यावी. नवीन येणारं पान जरा लहान, जाड आणि आखूड देठाचं आलं तर योग्य दिशेनं चाललं आहे असं समजावं. पानं पिवळट होऊन त्यांच्या कडा वाळू लागल्या तर थोडं मागं घ्यावं.

आता माती. सावलीत ओल लवकर वाळत नाही, म्हणून उन्हातल्या कुंडीत चालणारी माती इथे मुळं कुजवते. काळी माती एकटी वापरू नका. लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, हे तिन्ही सारख्या प्रमाणात घेऊन त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळली की बहुतेक झाडांचं भागतं. अँथुरियमला मात्र हेही जड होतं. त्याच्या मूळ प्रदेशात, कोलंबिया-इक्वेडोरकडच्या दमट जंगलात, त्याच्या अनेक जाती मोठ्या झाडांच्या अंगावर वाढतात. मुळांना ओलाव्याइतकीच हवा लागते. नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा आणि विटांचे खडे यांच्यात ते जास्त खुलतं.

पाण्याचा नेम वाराप्रमाणे ठरवू नका. बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घालून पाहा. वरचं पेर कोरडं आणि खालचं दमट लागलं की पाणी द्यायचं. कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी लगेच ओतून टाकावं, मुळांसाठीही आणि डासांसाठीही. बोअरवेलचं पाणी असलेल्या ठिकाणी कुंडीच्या काठावर पांढरे क्षार जमतात आणि पीस लिलीच्या पानांची टोकं तपकिरी होतात. तिथे महिन्यातून एकदा कुंडीच्या दुप्पट-तिप्पट पाणी एकदम सोडून क्षार धुऊन काढावेत. जमल्यास पावसाचं पाणी साठवून वापरावं.

खताच्या बाबतीत चूक बहुतेक वेळा जास्तीची असते. फूल येत नाही म्हटल्यावर आपण हाताशी असेल ते खत घालतो आणि ते बहुधा नत्राचं असतं. नत्र, म्हणजे पानं आणि शेंडे वाढवणारं अन्नद्रव्य. युरियात तेच असतं. त्यानं झाड आणखी हिरवंगार होतं आणि फूल आणखी लांबतं. दहा इंची कुंडीला दर महिना-दीड महिन्यानं मूठभर गांडूळखत पुरतं. हिवाळा संपताना नत्र कमी आणि पालाश म्हणजे पोटॅश जास्त असलेलं विद्राव्य खत, पुडीवर लिहिलेल्या मात्रेच्या निम्म्यानं, पंधरा दिवसांतून एकदा द्यावं. सावलीत वाढ मंद असते, पूर्ण मात्रा झाडाला पचत नाही.

बोनमील आणि राख यांच्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तो सल्ला सर्रास दिला जातो. बोनमीलमधलं स्फुरद, म्हणजे मुळांना आणि फुलोऱ्याला लागणारं अन्नद्रव्य, आम्लधर्मी मातीत हळूहळू सुटतं. कोकणातल्या आणि गोव्यातल्या जांभ्या मातीत ते उपयोगी पडतं. देशावरच्या चुनखडीच्या काळ्या मातीत ते जवळजवळ तसंच पडून राहतं. चुलीची राख कोकणातल्या मातीला चिमूटभर मानवते. देशावरच्या मातीत ती आधीचा क्षारपणा वाढवते आणि पानं पिवळी पडतात. शेजारच्या बागेत चाललेला उपाय आपल्या मातीत चालेलच असं नाही, ते याच कारणानं.

यापुढची पायरी सर्वात महत्त्वाची, आणि तीच बहुधा राहून जाते. आपल्या झाडाचं फूल नेमकं कुठून येतं हे पाहायचं. प्रत्येकाची रीत वेगळी आहे आणि ती माहीत नसली की आपण आपल्याच हातानं फुलं कापून टाकतो.

सोनटक्का घ्या. जमिनीतल्या आल्यासारख्या कंदातून दांडे वर येतात आणि प्रत्येक दांड्याच्या शेंड्याला पावसाळ्यात फुलोरा येतो, तोही एकदाच. जून-जुलैमध्ये झाड फार पसरलं म्हणून वरून छाटलं की त्या वर्षाची फुलं गेली. उलट फुलून गेलेला दांडा पुन्हा कधीच फुलत नाही, तो उगाच जागा अडवतो. तो जमिनीलगत कापायचा, म्हणजे कंद नव्या दांड्यांना बळ देतो. सोनटक्क्याला पाण्याची ओढ फार. मार्च ते मे या काळात, नवे दांडे वाढत असताना, तो तहानलेला राहिला तर पावसाळ्यात दांडे बुटके राहतात आणि फुलोराही तोकडा येतो. न्हाणीघराच्या किंवा हौदाच्या सांडपाण्याजवळ तो पूर्वी लावत, ते या दृष्टीनं अगदी योग्य होतं.

अँथुरियमचा हिशेब वेगळा. पूर्ण वाढलेल्या झाडाला पानाच्या बेचक्यातून, म्हणजे पानाचा देठ खोडाला मिळतो त्या जागेतून, एक फूल येतं. नवं पान आलं तरच नवं फूल. फुलं हवी असतील तर पानं वेळेवर येत राहतील हे पाहावं आणि जुनी पानं सरसकट काढू नयेत. झाडावर चार-पाच तरी निरोगी पानं ठेवावीत. आपण ज्याला लाल पाकळी म्हणतो तेही एक रंगीत पानच असतं. खरी फुलं मधल्या दांडीवर, दाण्यांसारखी बारीक असतात. म्हणूनच ते महिनाभर टिकतं.

पीस लिलीही त्याच कुळातली. तिच्याबाबत एक गोष्ट ठाऊक असावी. फुलं लवकर आणि एकदम यावीत म्हणून व्यापारी रोपवाटिकांत तिच्यावर गिब्बेरेलिक आम्ल फवारतात. हे झाडातच असणारं वाढीचं एक संप्रेरक, म्हणजे झाडाच्या वाढीला इशारा देणारं द्रव्य. फवारल्यावर साधारण अडीच-तीन महिन्यांनी, मोसम नसतानाही, कोवळ्या झाडाला फुलं येतात. म्हणून दुकानातून फुलांसकट आणलेलं झाड घरी आल्यावर दीर्घकाळ गप्प बसलं तर ते आजारी आहे असं समजू नका. त्याला स्वतःच्या बळावर फुलायला अजून वय आणि शिल्लक दोन्ही जमवायचं असतं. त्याला मध्यम उजेड द्या आणि वारंवार कुंडी बदलू नका. मुळांनी कुंडी भरत आली की ते जास्त फुलतं. पांढरं फूल काही आठवड्यांनी हिरवं पडतं तो रोग नव्हे, फुलाचं वय झालं इतकंच. ते देठासकट अगदी खालून कापावं.

अबोली आपली, दक्षिण भारतातली. तिला या सर्वांपेक्षा जास्त उजेड हवा, सकाळचं दोन-तीन तास ऊन मिळालं तर उत्तम. तिच्या हिरव्या तुऱ्यातून फुलं खालून वर उमलत जातात. तुरा संपला की त्यात बी धरतं आणि झाडाची शक्ती तिकडे जाते. वाळत आलेले तुरे नियमित खुडले तर दोन पानांमधून नवे तुरे फुटत राहतात. बी हवं असेल तर दोन-चार तुरे ठेवावेत. पिकलेली बोंडं ओल लागताच तडकून बी दूर उडवतात, म्हणून पावसाआधीच काढून ठेवावीत. ‘दिल्ली’ नावाची गडद केशरी अबोली बी धरत नाही, ती छाट कलमांवरच वाढवतात. अबोली पाणी असूनही मलूल दिसली आणि उपटल्यावर मुळांवर गाठी आढळल्या तर तो सूत्रकृमींचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अळ्यांसारख्या किड्यांचा उपद्रव. त्या मातीत पुन्हा अबोली लावू नये. एक मोसम झेंडू घ्यावा आणि निंबोळी पेंड मिसळावी.

भुईचाफा आणि फुटबॉल लिली यांची गोष्ट वेगळी आहे, आणि प्रेमळ माणसांच्या हातून हीच झाडं सर्वात जास्त मरतात. दोघांनाही विश्रांतीचा काळ असतो. पावसाळ्यात पानं भरपूर, दिवाळीनंतर ती पिवळी पडून गळतात आणि झाड जमिनीखाली झोपी जातं. आपल्याला वाटतं झाड मेलं, म्हणून आपण जास्त पाणी घालतो, किंवा कुंडी रिकामी समजून दुसरं रोप लावतो. पाणी दिलं की कंद कुजतो.

पानं पिवळी पडू लागली की पाणी हळूहळू कमी करत पूर्ण थांबवावं. कुंडीला नावाची पट्टी लावावी, जमिनीत असेल तर शेजारी काठी रोवावी. कुंडी पावसाच्या आणि नळाच्या वाटेबाहेर, सावलीत ठेवावी. मार्चच्या आसपास भुईचाफ्याची सुगंधी, पांढरी-जांभळी फुलं पानांशिवाय थेट मातीतून वर येतात. एकेक फूल एखादाच दिवस टिकतं, पण मागोमाग दुसरं येत राहतं. फुलं दिसू लागली की पाणी पुन्हा थोडं थोडं सुरू करायचं. फुटबॉल लिलीचा लाल चेंडू वळवाच्या सुमारास, मे महिन्यात येतो. या दोघांची पुढच्या वर्षीची फुलं यंदाच्या पावसाळी पानांवर अवलंबून असतात. त्यामुळे फुलं संपली तरी पानं असेपर्यंत त्यांना खत आणि उजेड द्यायचा. पानं हिरवी असताना ती कापणं म्हणजे पुढच्या वर्षीचं फूल कापणं.

दोन-तीन वर्षांनी बहुतेक झाडांची दाटी होते. मधला भाग पोकळ, कडेला गर्दी आणि फुलं कमी, ही त्याची खूण. तेव्हा झाड काढून विभागावं. सोनटक्का आणि भुईचाफा उन्हाळ्यात, नवी वाढ सुरू व्हायच्या तोंडावर. भुईचाफ्याची फुलं आधी होऊन जाऊ द्यावीत. पीस लिली बहर संपल्यावर. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन फुटवे आणि स्वतःची मुळं असावीत. लोभानं एकेक फुटवा वेगळा केला तर रोपं पुष्कळ होतात, पण पुढचं वर्षभर फूल येत नाही. फुटबॉल लिलीला हात लावलेला आवडत नाही, ती कुंडी फुटायला येईपर्यंत तशीच राहू द्यावी.

पावसाळ्यात सावलीच्या वाफ्यावर गोगलगायी येतात आणि कोवळ्या कळ्या रात्रीतून फस्त करतात. संध्याकाळी ओलं गोणपाट वाफ्याच्या कडेला अंथरावं. सकाळपर्यंत त्या त्याखाली जमतात. हातमोजे घालून किंवा चिमट्यानं उचलून मिठाच्या दाट पाण्यात टाकाव्यात. मीठ वाफ्यात शिंपडू नका, मातीच बिघडते. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. मऊ कापडानं पुसून, संध्याकाळी निंबोळी तेल आणि थोडा साबण मिसळलेलं पाणी फवारावं.

जागा, माती किंवा खत यांत बदल केल्यावर किती थांबायचं, हे झाडागणिक वेगळं असतं. अबोली दोन-तीन महिन्यांत उत्तर देते. अँथुरियमची दोन-तीन नवी पानं पूर्ण उघडेपर्यंत थांबावं. पीस लिलीला एक पूर्ण हिवाळा आणि उन्हाळा द्यावा लागतो, तर सोनटक्का, भुईचाफा आणि फुटबॉल लिली यांचं उत्तर वर्षातून एकदाच मिळतं. तेवढ्या काळात दुसरा बदल करू नये, नाहीतर कशाचा गुण आला ते कळत नाही. एका वहीत तारीख, कुंडी कुठे हलवली आणि काय घातलं इतकं टिपून ठेवा. पुढच्या डिसेंबरात पांढरा कागद घेऊन सावली तपासाल तेव्हा ती वही हाताशी असू द्या.